पाटी आणि खिडकी

कारखान्याच्या दाराशी एक पाटी असते. कामाच्या वेळा, सुट्ट्या, पगाराचा दिवस, शिस्तीचे नियम असे सारे तिच्यावर लिहिलेले असते. ती मालकाच्या हौसेने लागलेली नसते. स्थायी आदेशांचा जो कायदा १९४६ साली झाला, त्यात स्पष्ट म्हटले होते की, मंजूर झालेले नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ, त्यासाठी राखलेल्या फलकांवर लावले पाहिजेत. कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. नियम ज्याला लागू आहे त्याला तो वाचता आला नाही, तर तो नियम राहत नाही. तो मालकाची लहर होतो.

आम्ही तीस वर्षे संघटनेचे काम करीत आलो. या तीस वर्षांतला किती वेळ पाटीवर काय आहे आणि हातात काय पडले याचा मेळ घालण्यात गेला, त्याचा हिशेब नाही. एकच प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आडत दुकानात हमालीचा दर वाढवून मिळाला. करारावर सह्या झाल्या, चहा झाला, सगळे आनंदाने पांगले. महिन्याने आम्ही सहज डोकावलो, तो भिंतीवरच्या पाटीवर मागच्या कराराचा दर, मुनिमाच्या वहीत त्याच्याही मागच्या कराराचा दर, आणि आमच्या पिशवीतल्या कागदावर नवा दर! मुनीम लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने नवी वही जुन्या वहीवरून उतरून घेतली होती. पाटी रंगवणारा गावी गेला होता. कोणाच्याच मनात पाप नव्हते. परंतु पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला महिनाभर कमी पैसे मिळाले, ते मिळालेच. फरक वसूल करायला पुढे आणखी दोन महिने गेले.

या प्रसंगावरून आम्ही एक धडा घेतला. जी गोष्ट तीन ठिकाणी लिहावी लागते, ती आज ना उद्या तीन प्रकारची होते. आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकाचा असला तरी त्याचे बीज या धड्यात आहे. इयत्ता नववीला शाळा सोडलेल्या माणसाने अशा विषयावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांलाही वाटते. परंतु आम्ही जे करून पाहिले आणि करताना जिथे ठेचकाळलो, तेवढेच येथे सांगणार आहोत.

झाले असे की, हमालीचे सगळे दर एका जागी ठेवावेत असे संघटनेने ठरवले. प्रथम आम्ही दरपत्रकाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडला. सहा महिन्यांनी दर बदलला, नवा फोटो धाडला. पण जुना फोटो काही मरेना. कोणाच्या तरी फोनमधून तो पुन्हा बाहेर पडे आणि दुकानात भांडण लावी. मग वेबवर एक पान केले. ते बरे होते. पण ते माणसाने डोळ्यांनी वाचायचे. एका दुकानाच्या हिशेबनिसाला दर आपल्या संगणकातल्या तक्त्यात आपोआप यायला हवा होता, शेजारच्या तालुक्यातल्या संघटनेला तो आपल्या पानावर दाखवायचा होता, आणि आमच्या तरुण सभासदांना फोनवर नग टाकले की रक्कम दिसायला हवी होती. तिघेही पान पाहून आकडे हाताने उतरून घेऊ लागले. म्हणजे तीन ठिकाणांची तेरा ठिकाणे झाली.

आमच्या एका सभासदाची मुलगी विश्रामबागेत अभियांत्रिकी शिकते. ती म्हणाली, “काका, तुम्ही पान करू नका. खिडकी करा.” ही खिडकी म्हणजेच एपीआय. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे काय मागावे, कोणत्या शब्दांत मागावे आणि उत्तर कोणत्या आकाराचे मिळेल, याची ठरवून दिलेली रीत, एवढाच या भारदस्त नावाचा अर्थ आहे.

सांगलीकरांना ही कल्पना समजावून द्यायला दूर जायला नको. हरिपूरची हळदीची पेवे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांतली पुष्कळ पुढे महापुरांनी निकामी केली. पण पिढ्यान् पिढ्या सांगलीची हळद त्या जमिनीच्या पोटात राहिली. पेवात आडगिऱ्हाईक उतरत नसे. आत कोंदट हवा, अंधार, आणि कोणाचा माल कुठवर हे ठाऊक असणारी माणसे मोजकीच. बाहेरच्याने पावती दाखवायची, आतल्याने माल वर काढून द्यायचा. संगणकातला माहितीचा साठा हे असेच पेव आहे. वाटेल त्याने त्यात उतरणे धोक्याचे, मालालाही आणि उतरणाऱ्यालाही. म्हणून तोंडाशी खिडकी ठेवतात. तुम्ही मागणी द्या, उत्तर घ्या. आत कसे रचले आहे ते तुम्हांला कळण्याची गरज नाही. उद्या आतली रचना सगळी बदलली तरी खिडकीवरची रीत तीच राहिली म्हणजे बाहेरच्याचे काही अडत नाही.

अशा खिडक्या आज आपल्या नकळत सर्वत्र चालू आहेत. भारत सरकारने २०१२ साली खुल्या माहितीचे एक संकेतस्थळ काढले. देशभरच्या बाजार समित्यांतले रोजचे भाव त्यावर अशाच खिडकीतून मिळतात. आपण राज्य, जिल्हा, बाजार, माल सांगायचा. उत्तरात जात, प्रत, आवकेची तारीख, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव आणि सर्वसाधारण भाव येतो, तोही दर क्विंटलला. एके काळी बाजारात भाव रुमालाखाली बोटे धरून ठरत असे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा बोललेला भाव कळत नसे. तो रुमाल दूर करायला कायदे करावे लागले. आज तोच भाव एखाद्या खेड्यातल्या मुलाने लिहिलेला प्रोग्राम मागू शकतो. हा फरक लहान समजू नये.

आता आमची खिडकी कशी बांधली ते सांगतो. पायथन नावाची संगणकाची भाषा आहे. ती १९९१ पासून लोकांच्या हाती आहे. या भाषेत खिडक्या बांधण्याचे एक तयार साहित्य सेबास्तियन रामिरेझ या गृहस्थांनी २०१८ साली लोकांपुढे ठेवले. त्याचे नाव फास्टएपीआय. ते फुकट आहे, आणि त्याचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो. आमचे काम सुमारे पन्नास ओळींत झाले.

त्यात लिहायचे काय? करारनाम्यात कलमे असतात, तशी येथेही कलमे लिहायची. त्या भाषेत त्याला फंक्शन म्हणतात. कलमाच्या डोक्यावर एका ओळीत खिडकीचा पत्ता आणि मागणीचा प्रकार. नुसते वाचायचे असेल तर मागणीचा प्रकार ‘गेट’, नवे काही आत द्यायचे असेल तर ‘पोस्ट’. त्याखाली कंसात, मागणाऱ्याने काय काय द्यायचे ते प्रत्येकाच्या जातीसह लिहायचे. आमच्या हिशेबाच्या खिडकीवर तीन गोष्टी मागितल्या आहेत: कामाचा प्रकार, म्हणजे उतराई की भराई की थप्पी लावणे, पोत्याचे वजन, ही एक संख्या, आणि नग, हा पूर्णांक आणि शून्याहून मोठा. पुढे उत्तराचा आकार: लागू झालेला दर, तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ती तारीख, आणि एकूण रक्कम. कलमाच्या पोटात गणित, तेवढे दोन ओळींचे. समजा दर नगाला ८ रुपये आणि नग २५, तर २०० रुपये.

येथे एक व्यवहाराची सूचना. रक्कम संगणकात रुपये आणि अपूर्णांक अशी ठेवू नये. पैशांत, पूर्णांकात ठेवावी. संगणक आकडे दोनाच्या पायावर साठवतो, आणि आपला साधा एकदशांश त्याला नेमका साठवता येत नाही. हजार नोंदींच्या बेरजेत पैशाचा घोळ पडतो, आणि ज्याच्या पगारात घोळ पडतो त्याला दोनाच्या पायाचे कारण सांगून भागत नाही.

खिडकी चालू केली आणि मागणी धाडली, की उत्तराबरोबर एक आकडाही येतो. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे असा पत्ताच नाही. ५०० म्हणजे आमच्याच घरात काही बिघडले. आणि ४२२ म्हणजे तुमची मागणी पोचली, पण नियमात बसत नाही. नगाच्या जागी कोणी ‘पंचवीस’ असे अक्षरांत लिहिले, किंवा उणे पाच लिहिले, तर कलमाच्या पोटातले गणित सुरूच होत नाही. दाराशीच ४२२ मिळतो, आणि कोणती गोष्ट कुठे चुकली तेही लिहून येते. “उद्या या” असे मोघम उत्तर देणाऱ्या कचेऱ्यांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना या शिस्तीचे मोल सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, ती येते. खिडकी तयार झाली तेव्हा आम्ही सवयीने वही उघडली आणि त्या मुलीला म्हटले, “आता पाटी लिहू या. कोणत्या खिडकीवर काय मागायचे, ते लोकांना कळले पाहिजे.” ती म्हणाली, “काका, पाटी वेगळी लिहायचीच नाही.” तिने खिडकीच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘डॉक्स’ एवढा शब्द टाइप केला, आणि समोर पाटी उभी राहिली! सगळ्या खिडक्यांची यादी, प्रत्येकीवर काय द्यायचे, कोणत्या जातीचे, काय सक्तीचे आणि काय ऐच्छिक, उत्तराचा आकार कसा, चूक झाली तर काय मिळेल, सगळे. इतकेच नव्हे तर प्रत्येक खिडकीपाशी ‘ट्राय इट आउट’ असे बटण. ते दाबून तिथेच आकडे भरावेत आणि खरे उत्तर पाहावे.

आम्ही विचारले, हे कोणी लिहिले? उत्तर असे की, निराळे कोणी लिहिले नाही. कलमाच्या कंसात आपण ज्या जाती आणि मर्यादा लिहिल्या, त्याच वाचून संगणकाने आधी एक शिस्तबद्ध यादी केली आणि त्या यादीवरून हे पान काढले. या यादीचा साचा जगभर एकच ठरलेला आहे; त्याला ओपनएपीआय म्हणतात. त्याचे मूळ नाव स्वॅगर. इंटरनेटवर शब्दकोश चालवणाऱ्या वर्डनिक या कंपनीत टोनी टॅम यांनी तो २०११ च्या सुमारास सुरू केला, आणि २०१५ साली तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या एका सामायिक मंडळाकडे सोपवण्यात आला. त्यामुळे आज तो एका कंपनीच्या मालकीचा राहिलेला नाही.

आमची खात्री पटेना. तेव्हा तिने नगाची मर्यादा बदलली. ‘शून्याहून मोठा’ याला ‘आणि एक हजारापर्यंत’ अशी जोड दिली. पाटीचे पान पुन्हा उघडले, तो पाटीवर एक हजार! मग आम्ही मुद्दाम बाराशे नग धाडून पाहिले, ४२२ मिळाला. म्हणजे दाराशी अडवणारा आणि पाटीवर लिहिणारा हे दोघेही एकाच ओळीवरून बोलत होते. करार, वही आणि पाटी या तीन जागी आम्ही आयुष्यभर जो मेळ घालीत आलो, तो येथे घालावा लागत नाही. कारण जागा एकच आहे. आडत दुकानातला तो महिना आम्हांला आठवला आणि आम्ही काही वेळ गप्प बसलो.

परंतु येथे भाबडेपणा करून चालणार नाही. आपोआप लिहिलेली पाटी आकार सांगते, अर्थ सांगत नाही. हे आम्हांला चांगलीच अद्दल घडून कळले. वजनाच्या जागी आम्ही कलमात फक्त ‘वजन’ आणि ‘संख्या’ एवढेच लिहिले होते, म्हणून पाटीवरही तेवढेच आले. आमच्या मनात किलो होते. एक हिशेबनीस बाजारभावाच्या सवयीने क्विंटलमध्ये विचार करणारा. शंभर किलोच्या पोत्याला त्याने प्रामाणिकपणे ‘१’ लिहिले. खिडकीने ते एक किलो समजून सगळ्यांत हलक्या पोत्याचा, म्हणजे सगळ्यांत कमी दर लावला. कुठेही ४२२ आला नाही, कारण १ ही निर्दोष संख्या आहे. चूक चार दिवसांनी एका हमालाच्या लक्षात आली, आणि ती त्याला संगणकामुळे कळली नाही, पाठीमुळे कळली.

मग आम्ही सुधारणा केली. गोष्टीचे नाव ‘वजन किलोत’ असे ठेवले. पाच किलोंच्या खालची संख्या खिडकीने परत करावी अशी मर्यादा घातली. शेजारी एक वाक्य लिहिले आणि एक उदाहरण दिले. हे सगळे त्याच कलमात लिहिल्यामुळे पाटीवरही आपोआप गेले. यातून निघालेला नियम असा: यंत्र पाटी लिहील, पण पाटीवरचे शब्द आपणच पुरवायचे. आणि दुसराही एक नियम आहे, तो आमच्या श्रोत्यांतल्या कामगारांनी विशेष लक्षात ठेवावा. पाटीवरचा दर खरा आहे याची हमी यंत्र देईल. तो दर रास्त आहे याची हमी यंत्र देणार नाही. ती बैठकीत बसूनच मिळवावी लागते.

आता दुसरी ठेच. खिडकी तयार, पाटी तयार. सभासदांच्या सभेत मोठ्या पडद्यावर आमचे वेबचे पान उघडले, तर दरांच्या जागी कोरी चौकट! तीच खिडकी निराळी उघडली तर आकडे दिसत होते. पानात ते येत नव्हते. आमचा पहिला तर्क असा की, कोणीतरी मुद्दाम अडवले. संघटनेच्या माणसाचा तर्क त्याच दिशेने धावतो. अडवले होते खरेच. पण अडवणारा आमच्याच संगणकात बसलेला होता. तो म्हणजे ब्राउझर.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वेबवरच्या प्रत्येक पानाला एक मूळ स्थान असते. ते तीन गोष्टींनी ठरते: जोडणीचा प्रकार, संगणकाचे नाव, आणि त्या संगणकाच्या दाराचा क्रमांक, ज्याला पोर्ट म्हणतात. तिन्ही जुळले तर स्थान एक. एक जरी बदलले तरी स्थान परके. आमचे पान एका नावावर होते आणि खिडकी दुसऱ्या नावावर. एका स्थानावरून आलेल्या पानाने दुसऱ्या स्थानाचे उत्तर वाचू नये, असा ब्राउझरचा नियम आहे. १९९५ च्या सुमारास नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये पानांना स्वतःची हालचाल करण्याची शक्ती आली, तेव्हापासून हा नियम रुजला.

हा नियम जाचक वाटतो, पण तो नसता तर काय झाले असते ते पाहा. समजा, तुम्ही सकाळी बँकेचे पान उघडून आपले खाते पाहिले. ब्राउझरने बँकेची ओळखचिठ्ठी जपून ठेवली, म्हणजे पुन्हा पुन्हा परवलीचा शब्द द्यायला नको. दुपारी तुम्ही कसल्याशा सोडतीचे एक अनोळखी पान उघडले. त्या पानातला प्रोग्राम तुमच्याच ब्राउझरकडून बँकेला विचारील, “याची शिल्लक किती?” ब्राउझर ओळखचिठ्ठीसह मागणी नेईल, बँक तुम्हांला ओळखून उत्तर देईल, आणि ते उत्तर त्या सोडतवाल्याच्या हाती पडेल. हे होऊ नये म्हणून ब्राउझर उत्तर मधेच रोखतो. तो तुमचा पहारेकरी आहे.

पण मग शेजारच्या तालुक्यातल्या संघटनेने आमचे दर आपल्या पानावर दाखवायचे कसे? त्यासाठी परवानगीची एक रीत ठरली आहे. तिचे नाव कॉर्स. वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक मंडळाने २०१४ साली तिला मान्यता दिली. ती अशी चालते. पानाने परक्या खिडकीकडे मागणी केली की ब्राउझर तिच्यावर आपण होऊन एक शिक्का मारतो: ‘ही मागणी अमुक स्थानावरून आली आहे.’ खिडकी उत्तर देते, आणि उत्तराच्या डोक्यावर लिहिते: ‘हे उत्तर अमुक स्थानाच्या पानाला वाचू द्यावे.’ ब्राउझर दोन्ही नावे ताडून पाहतो. जुळली तर उत्तर पानाच्या हाती देतो. जुळली नाहीत, किंवा परवानगीच लिहिलेली नसली, तर उत्तर हातात असूनही पानाला देत नाही. आमच्या सभेत हेच घडले होते. खिडकीने आकडे दिले होते. परवानगी लिहायला आम्ही विसरलो होतो.

मागणी नुसती वाचण्याची नसून काही बदलणारी असेल, किंवा तिच्याबरोबर एखादी खास चिठ्ठी असेल, तर बहुतेक वेळा ब्राउझर आणखी सावध होतो. खरी मागणी नेण्यापूर्वी तो रिकाम्या हाताने एकदा जाऊन विचारून येतो: “अमुक स्थानावरून, अमुक प्रकारची मागणी आणली तर चालेल का?” होकार मिळाला तरच खरी मागणी निघते. मोठ्या माणसाकडे जाण्याआधी निरोप्या धाडावा, तसे हे आहे.

फास्टएपीआयमध्ये ही परवानगी प्रत्येक कलमात लिहावी लागत नाही. दाराशी एक मधला कारकून नेमायचा आणि त्याच्या हाती परवानगीच्या स्थानांची यादी द्यायची. तीन-चार ओळींचे काम आहे. तरीही आम्ही एक संध्याकाळ घालवली. यादीत पत्ता लिहिताना आम्ही शेवटी एक तिरपी रेघ जास्त दिली होती. ब्राउझरच्या शिक्क्यात ती नसते. तेव्हा दोन नावे जुळली नाहीत. पुढे स्वतःच्या संगणकावर तपासताना ‘लोकलहोस्ट’ हे नाव आणि त्याच संगणकाचा आकड्यांचा पत्ता यांत आम्ही घोळ केला. संगणक एकच असला तरी नावे दोन, म्हणून स्थानेही दोन.

कंटाळलेला माणूस अशा वेळी यादीच्या जागी एक तारांकित खूण ठेवून मोकळा होतो. तिचा अर्थ, कोणालाही वाचू द्यावे. ही खूण वाईट नाही. ती कुठे शोभते ते पाहावे लागते. हमालीचा दर हा चारचौघांत सांगण्याचा आहे. तो कोणत्याही गावच्या पानावर दिसला तर आमचे भलेच आहे. म्हणून दरांच्या खिडकीवर आम्ही ती खूण ठेवली. परंतु अमक्या सभासदाने या आठवड्यात किती नग उचलले, त्याला किती उचल दिली आहे, किती कापायची आहे, ही त्याची खाजगी गोष्ट आहे. सावकाराला आणि मुकादमाला ती कळली तर त्याची मान त्यांच्या हाती जाईल. त्या खिडकीवर ही खूण ठेवणे हा विश्वासघात होय. ब्राउझरलाही हे कळते. ओळखचिठ्ठीसह केलेल्या मागणीला उत्तर देताना खिडकीने नुसती तारांकित खूण दाखवली तर तो ती मानत नाही. नाव घेऊन परवानगी द्या, असे म्हणतो.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. कॉर्सची यादी म्हणजे कुलूप नाही. हा पहारा फक्त ब्राउझर करतो. ब्राउझर न वापरता कोणी साध्या प्रोग्रामने थेट खिडकी गाठली, तर त्याला अडवणारे कोणी नसते. शिक्का नाही, ताडणी नाही, काही नाही. म्हणून खाजगी खिडकीला स्वतंत्र किल्ली हवीच. मागणाऱ्याने आपली ओळख पटवली पाहिजे, आणि ओळख पटल्यावरही हे खाते त्याचेच आहे ना, हे दर वेळी तपासले पाहिजे. या दुसऱ्या तपासणीचा विसर पुष्कळांना पडतो. रामाच्या किल्लीने गोविंदाची पेटी उघडत असेल, तर किल्ली असून नसून सारखीच.

आणखी एक कर्तव्य खिडकी बांधणाऱ्याकडे राहते. एकदा लोक तिच्यावर विसंबले, की तिची रीत रातोरात बदलता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात नऊ-अ हे कलम होते. कामाच्या अटी बदलायच्या तर मालकाने आधी नोटीस दिली पाहिजे आणि २१ दिवस थांबले पाहिजे, असे ते सांगे. आम्ही मालकांना ते कलम किती वेळा वाचून दाखवले! आता स्वतः खिडकीचे मालक झाल्यावर तोच न्याय आम्हांलाही लागला. म्हणून पत्त्यातच ‘आवृत्ती एक’ असे लिहून ठेवले आहे. रीत बदलेल तेव्हा ‘आवृत्ती दोन’ शेजारी उघडेल, आणि जुनी काही महिने चालू राहील.

श्रोतेहो, पन्नास ओळींच्या कामावर एवढे बोलण्याचे कारण शेवटी सांगतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याला ठराविक मालक नाही अशा हमालाचे नाव मंडळाच्या दप्तरी लागले, आणि त्याच्या मजुरीची नोंद सार्वजनिक व्यवस्थेत आली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कचेऱ्यांवर असे बंधन घातले की, कोणी मागण्याची वाट न पाहता पुष्कळशी माहिती त्यांनी आपण होऊन प्रसिद्ध करावी. आज ती प्रसिद्ध होतेही, पण कशी? कागदाचे फोटो काढून, शिक्क्यांसह, तिरप्या पानांवर. डोळ्यांनी वाचावे तर दिसत नाही, आणि यंत्राने वाचावे तर समजत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. जो दर, जो नियम, जो भाव सर्वांचा आहे, तो खुल्या खिडकीतून मिळावा. खिडकीवरची पाटी ज्या वहीतून पैसे मोजले जातात त्याच वहीतून निघालेली असावी. जुने दर पुसून टाकू नयेत. कोणता दर कोणत्या तारखेपासून होता हेही मागता यावे, कारण थकबाकीची भांडणे जुन्या तारखांवरच होतात. आणि जे एकट्याचे आहे, ते त्याच्या किल्लीने त्यालाच मिळावे. याला फार खर्च लागत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे.

सभेच्या त्या संध्याकाळनंतर पंधरा दिवसांनी, ज्याने वजनाची चूक धरली होती तो हमाल आमच्याकडे आला. त्याने मुलाकडून फोनवर हिशेबाची खिडकी उघडून घेतली, दिवसाचे नग भरले, आणि आलेली रक्कम खिशातल्या पैशांशी ताडून पाहिली. “जुळलं,” एवढेच म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.